‘शॉक देणार म्हणतात, सही करू का?’
मेंदूवरील विजेचे उपचार : भीती किती, खरे किती

वेळणेश्वर परिसरातल्या एका बौद्धवाडीत पौर्णिमेची वंदना आटोपली होती. खीर वाटून झाली, माणसे उठू लागली. तेवढ्यात एक वहिनी बाजूला येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, जरा विचारायचं होतं. डॉक्टर ह्यांना शॉक देऊया म्हणतायत. कागदावर सही मागितलीय. करू का?"

त्यांचे पती पंचवीस वर्षे मुंबईत नोकरी करून गावी परतलेले. गेले काही महिने घराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायचे. बोलणे बंद. पुढे जेवणही बंद. ताट पुढे केले की म्हणायचे, "माझं पोट सडलंय. मी कधीच मेलोय. मेलेल्याला कशाला जेवू घालता?" शेजारच्या वाडीतल्या कुणी तरी ‘बाहेरचं’ आहे म्हणून सांगितले. भगताकडे दोन फेऱ्या झाल्या, कोंबडा-नारळ झाला, तीन हजार रुपये गेले. अखेर घरच्यांनी सरकारी दवाखाना गाठला. गोळ्या सुरू झाल्या, पण उतार पडेना. पाणीही घेईनात तेव्हा दाखल करून सलाईन लावावी लागली. मग डॉक्टरांनी शॉकचे नाव काढले.

वहिनी एका दिवसासाठी कपडे आणि पैसे न्यायला घरी आल्या होत्या. घरात तर रणकंदन. मुलगा म्हणतो, "माझ्या बापाला करंट लावायचा नाही." सासूबाई रडतात. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमातले दृश्य : माणसाला बांधून ठेवलेय, डोक्याला तारा लावल्यात आणि तो तडफडतोय.

त्या दिवशी वहिनींना जे सांगितले, तेच आज या पानावर सविस्तर सांगत आहोत. हा प्रश्न एका घराचा नाही. (या कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मेंदू विजेवरच चालतो

आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी आहेत. त्या एकमेकींशी बोलतात ते अत्यंत सूक्ष्म विद्युत संदेशांनी आणि रसायनांनी. हात उचलणे, आठवण येणे, रडू फुटणे या सगळ्यामागे ही सूक्ष्म वीज असते. जर्मनीतील डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावर पट्ट्या लावून ही वीज पहिल्यांदा नोंदवली. आज फिट येणाऱ्या रुग्णाचा ‘ईईजी’ काढतात तो त्याच शोधातून आलेला.

विजेने दुखणे बरे करता येईल का, हा विचार त्याहून फार जुना. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्क्रिबोनिअस लार्गस नावाच्या रोमन वैद्याने डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा मासा कपाळावर ठेवण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. पाकटासारखा चपटा असा हा मासा. आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या जाळ्यातही असा झटका देणारा मासा कधी कधी येतो. म्हणजे कल्पना जुनी आहे. नवे आहे ते वीज किती, कुठे आणि किती वेळ द्यायची याचे मोजमाप.

शॉक ट्रीटमेंट म्हणजे नेमके काय

डॉक्टर याला ‘ईसीटी’ म्हणतात. इटलीतील रोम शहरात १९३८ साली उगो चेर्लेत्ती आणि लुचिओ बिनी या डॉक्टरांनी ती पहिल्यांदा वापरली. त्याआधी १९३४ मध्ये बुडापेस्टच्या मेदूना या डॉक्टरांनी असे पाहिले होते की, औषधाने मुद्दाम फिट आणली तर काही गंभीर मनोरुग्ण सुधारतात. चेर्लेत्ती आणि बिनी यांनी औषधाऐवजी वीज वापरली. लक्षात घ्या, उपचार होतो तो विजेच्या चटक्याने नव्हे. विजेमुळे मेंदूत येणाऱ्या, डॉक्टरांच्या ताब्यातल्या फिटने तो होतो.

सुरुवातीच्या काळात हे सारे रुग्ण जागा असताना, भूल न देता केले जाई. अंगाला एवढे झटके बसत की कुणाचे मणके मोडत, कुणाचे दात पडत. काही वेड्यांच्या इस्पितळांत तर ऐकत नाही म्हणून शिक्षेसारखा शॉक दिला गेला. त्यामुळे आपल्या लोकांच्या मनात जी भीती आहे ती हवेतून आलेली नाही. तिला इतिहास आहे. पण तो इतिहास म्हणजे आजचा उपचार नव्हे.

आज योग्य पद्धतीने ईसीटी देताना काय होते ते क्रमाने पाहू.

आदल्या रात्रीपासून रुग्णाला उपाशी ठेवतात, कारण भूल द्यायची असते. त्याआधी रक्ताच्या तपासण्या आणि हृदयाचा ईसीजी होतो. उपचाराच्या खोलीत भूलतज्ज्ञ असतो. शिरेतून भुलीचे औषध देतात, रुग्ण झोपी जातो. मग स्नायू सैल करणारे औषध देतात, म्हणून अंगाला झटके बसत नाहीत. तोंडात रबरी पट्टी ठेवतात, ऑक्सिजन देतात. डोक्याला दोन ठिकाणी पट्ट्या लावून काही सेकंद वीज सोडतात. ही वीज घरातल्या बटणासारखी सलग नसते. अगदी लहान लहान ठोक्यांच्या रूपात, यंत्राने मोजून दिलेली असते. मेंदूत साधारण अर्धा ते एक मिनिट फिट चालते. बाहेरून पाहिले तर पायाचा अंगठा थोडा हलताना दिसतो, एवढेच. पाच ते पंधरा मिनिटांत रुग्ण जागा होतो. त्याला काहीही दुखलेले आठवत नाही, कारण तो भुलीत होता.

असे आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, एकूण बहुधा सहा ते बारा वेळा करतात.

कुणासाठी, कशासाठी

साधी उदासी, झोप न येणे, संसाराची काळजी यासाठी ईसीटी नसते. ती पुढील परिस्थितीत विचारात घेतात : तीव्र नैराश्यात माणूस खाणेपिणे सोडतो तेव्हा, जीव देण्याचा धोका अगदी समोर असतो तेव्हा, माणूस दगडासारखा ताठ होऊन बोलत-हलत नाही तेव्हा, आणि पुरेशी औषधे देऊनही गंभीर आजार हटत नाही तेव्हा. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. जो माणूस पाणीही घेत नाही, त्याच्यापाशी तेवढे आठवडे नसतात. अशा तीव्र नैराश्यात ईसीटी हा सर्वांत परिणामकारक उपचारांपैकी एक मानला जातो. "मी मेलोय" असे म्हणत अन्न नाकारणारा रुग्ण त्यातच मोडतो.

ती नेमकी कशी काम करते, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. मेंदूतील रसायने बदलतात, पेशींमधले बिघडलेले संबंध पुन्हा जुळू लागतात, असे संशोधन सांगते. पूर्ण उत्तर नाही म्हणून उपचार खोटा ठरत नाही. भुलीची औषधेही मेंदूत नेमकी कशी काम करतात यावर अजून संशोधन चालूच आहे.

तोटे लपवू नयेत

उपचारानंतर काही तास डोके दुखते, अंग दुखते, थोडा गोंधळ उडतो. मुख्य तोटा आठवणीचा. उपचाराच्या काळातल्या आणि त्याआधीच्या काही आठवड्यांच्या आठवणी पुसट होतात. पुष्कळ जणांची स्मरणशक्ती काही आठवड्यांत सुधारते. पण काहींच्या जुन्या आठवणींतली काही पाने कायमची कोरी राहतात. हे डॉक्टरांनी आधीच सांगायला हवे. जिवाचा धोका फार कमी, लाखभर वेळा दिलेल्या उपचारांमागे साधारण दोन इतका. हृदयाचा किंवा मेंदूचा आधीचा आजार असेल तर तो जास्त, म्हणून तपासण्या टाळू नयेत.

दुसरी गोष्ट, ईसीटीने आजार मुळापासून उपटला जात नाही. नंतर गोळ्या चालू ठेवल्या नाहीत तर आजार उलटण्याची शक्यता मोठी. "आता बरा झाला, कशाला गोळ्या?" हे वाक्य आपल्या वस्त्यांत फार ऐकू येते. ते महागात पडते.

कायदा आपल्या बाजूने आहे

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खासगी निवाऱ्याला आग लागली. मानसिक आजार दैवी उपायाने बरा होईल या आशेने नातेवाइकांनी तिथे आणून ठेवलेली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. त्यांना पळता आले नाही. पंचवीसहून अधिक जण जळून मेले. देश हादरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मनोरुग्णांच्या हक्कांची आणि भूल न देता दिल्या जाणाऱ्या शॉकची चर्चा देशभर झाली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आला. प्रत्येक घराने त्यातल्या काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न देता ईसीटी देण्यावर पूर्ण बंदी आहे. अठरा वर्षांखालील मुलाला ती देता येत नाही. फारच गरज असेल तर पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी दोन्ही लागतात. आणीबाणीचा उपचार म्हणून, संमतीवाचून घाईघाईने ती उरकता येत नाही. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यावर बंदी आहे. ही बंदी इस्पितळालाही आहे आणि घरच्यांनीही तिची आठवण ठेवावी.

सही कुणाची? रुग्णाला समजण्याची क्षमता असेल तर निर्णय त्याचाच. ती नसेल तर कायद्याने त्याच्या प्रतिनिधीला मदतीचा अधिकार दिला आहे. रुग्णाने आधी कुणाचे नाव लिहून दिलेले नसेल तर नातेवाईक प्रतिनिधी होऊ शकतो. वहिनींची सही मागितली गेली ती या नात्याने. तशी सही देण्याआधी सगळे समजून घेणे हा त्यांचा हक्क होता.

याच कायद्यात आणखी एक वाक्य आहे, जे आपण वाचून ठेवले पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा मिळण्याच्या हक्कात लिंग, धर्म, वर्ग यांबरोबर जातीवरूनही भेदभाव करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आणि दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला, हातात कार्ड असो वा नसो, सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या मानसिक आरोग्य केंद्रात मोफत उपचार मिळण्याचा हक्क आहे. कार्ड नाही म्हणून कुणी परत पाठवले तर हे वाक्य पुढे करा.

भगतांबद्दलही सांगायला हवे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोराने किंवा साखळीने बांधणे, मारहाण करणे, चटके देणे हा गुन्हा आहे. मेंदूचा आजार हा आजारच असतो. त्याला ‘बाहेरचं’ काही नसते.

शॉकशिवाय इतर उपचार

विजेचे सगळे उपचार म्हणजे शॉक नव्हे. गेल्या चाळीस वर्षांत हे संशोधन बरेच पुढे गेले आहे.

चुंबकाचा उपचार. याला ‘आरटीएमएस’ म्हणतात. इंग्लंडमधील शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये चुंबकाने मेंदू चेतवण्याचे यंत्र दाखवले. डोक्यावर तारेचे वेटोळे धरतात. त्यातून निघणारी चुंबकीय स्पंदने कवटीतून आत जाऊन मेंदूच्या ठरावीक भागात सूक्ष्म वीज निर्माण करतात. भूल लागत नाही, फिट आणायची नसते, आठवणी जात नाहीत. खुर्चीत बसून उपचार घ्यायचा आणि घरी जायचे. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. मात्र तो आठवड्यातले पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे घ्यावा लागतो. शहरात राहणाऱ्याला ते जमेल. वेळणेश्वरच्या माणसाला रोज शहर गाठणे म्हणजे मजुरी बुडवून तिथे बिऱ्हाड करणेच झाले. डोक्यात धातूची पट्टी किंवा क्लिप असेल तर हा उपचार चालत नाही. आणि जो माणूस अन्नपाणीच सोडून बसला आहे, त्याच्यासाठी ईसीटी अधिक खात्रीची आणि लवकर गुण देणारी ठरते.

अगदी मंद वीज. ‘टीडीसीएस’ मध्ये ओल्या स्पंजच्या पट्ट्यांमधून एक-दोन मिलिअँपिअर इतकीच वीज अर्धा तास देतात. कानात आवाज येण्याचा त्रास, नैराश्य, पक्षाघातानंतरची कमजोरी यांवर जगभर प्रयोग चालू आहेत. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेतही त्यावर बरेच काम झाले आहे. पण याचा परिणाम किती टिकतो, कुणाला होतो, हे अजून पक्के ठरायचे आहे. म्हणून ‘डोक्याला पट्टा लावा, हुशार व्हा’ अशा जाहिरातींना भुलून मुलांसाठी यंत्रे विकत घेऊ नका. गावोगावी ‘करंट मशीन’ घेऊन फिरणाऱ्यांना तर दारातही उभे करू नका.

मेंदूत बसवलेली तार. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स या आजारात हात थरथरतात, अंग ताठ होते, पाऊल उचलत नाही. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबीद यांना असे आढळले की, मेंदूच्या खोल भागात बारीक तारेने सतत जलद विद्युत स्पंदने दिली तर थरथर थांबते. यातून ‘डीबीएस’ ही शस्त्रक्रिया आली. कवटीला छोटे छिद्र पाडून तारा बसवतात. कातडीखालून त्या गळ्याच्या हाडाखाली बसवलेल्या बॅटरीला जोडतात. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ही शस्त्रक्रिया अनेक वर्षे केली आहे. भारतात ती रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते.

पण ही जादू नव्हे. आजार बरा होत नाही, लक्षणे आटोक्यात येतात. ज्यांना गोळ्यांचा गुण येतो पण तो टिकत नाही, अशांनाच जास्त फायदा होतो. विसरभोळेपणा किंवा तोल जाणे यावर उपयोग कमी. खर्च काही लाखांचा, शिवाय काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. कर्ज काढून, जमीन गहाण टाकून धावण्याआधी सरकारी मेंदूरोगतज्ज्ञाचे दुसरे मत घ्या. आणि हे ध्यानात ठेवा : २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मानसिक आजार आणि पार्किन्सन्स दोन्ही आहेत. आजार तेवढा तीव्र असेल तर जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळू शकते. त्यावर सवलती मिळतात.

जायचे कुठे

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १८८६ साली स्थापन झालेले. ठाणे, पुणे येथील येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी महाराष्ट्रात चार सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, त्यांतले एक आपल्या जिल्ह्यात आहे. पूर्वी त्या फाटकातून आत जाणे म्हणजे घराण्याला डाग, असे मानत. आजही काही लोक रात्रीच्या अंधारात तपासायला जातात. हा चोरटेपणा सोडायला हवा. गुहागर तालुक्यातून जाणाऱ्याला तवसाळच्या जेट्टीवरून फेरीबोटीने जयगडला उतरून पुढे रत्नागिरी गाठता येते. तेवढेही शक्य नसेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कधी, कुठे येतात ते तिथे विचारा, आशाताईंना विचारा. रात्री-अपरात्री कुणाच्या तोंडी जीव देण्याची भाषा आली तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक फिरवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू आहे, मराठीत बोलता येते.

सही करण्याआधी विचारायचे सात प्रश्न

हे प्रश्न कापून भिंतीला लावून ठेवा.

१. आजाराचे नाव काय आणि ईसीटीच का?
२. औषधे पुरेशा मात्रेत, पुरेसे दिवस देऊन पाहिली का?
३. भूलतज्ज्ञ असेल ना? स्नायू सैल करणारे औषध देणार ना?
४. किती वेळा देणार? मध्येच थांबवायचे म्हटले तर थांबवाल ना?
५. आठवणींवर काय परिणाम होईल?
६. उपचार घेतला नाही तर काय होऊ शकते? दुसरा पर्याय कोणता?
७. नंतर गोळ्या किती काळ आणि खर्च किती?

प्रश्न विचारल्याने डॉक्टर रागावतील अशी भीती आपल्या लोकांना असते. चांगला डॉक्टर रागावत नाही. आणि रागावला तरी विचारायचेच. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नये, तपासून घ्यावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही. ती भगताला लागू आहे तशी डॉक्टरलाही लागू आहे.

पुढे काय झाले

वहिनी हे प्रश्न वहीच्या पानावर लिहून घेऊन गेल्या. सोबत मुलगाही गेला. डॉक्टरांनी अर्धा तास बसून उत्तरे दिली, यंत्र दाखवले, भूलतज्ज्ञांची भेट घालून दिली. मुलाची भीती पूर्ण गेली नाही, पण तो म्हणाला, "आई, कर सही."

चौथ्या वेळेनंतर दादांनी स्वतःहून पेज मागितली. आठ वेळा उपचार झाले. घरी आले तेव्हा त्यांना दाखल केल्याचे दिवस आठवत नव्हते. त्याआधीच्या महिन्यात पुतणीचे लग्न झाले होते, तेही आठवत नव्हते. फोटो दाखवले तर त्यात स्वतःला पाहून गप्प बसले. ती आठवण परत आलेली नाही. गोळ्या चालू आहेत, महिन्यातून एकदा फेरीबोटीने जाऊन आणतात. कधी मन पुन्हा खाली जाते, मग वहिनी लगेच डॉक्टरांना फोन लावतात. भगताची पायरी पुन्हा चढलेल्या नाहीत.

परवाच्या पौर्णिमेला दादा विहारात आले होते. मागच्या रांगेत बसले. खीर घेतली, संपवली आणि वाटी पुन्हा पुढे केली.

तुमच्या वस्तीतही असे एखादे घर असेल, दार लावून बसलेले. आजच त्या दारावर थाप मारा.